बिनचाकाची बारी

१६ फेब्रुवारी, रविवार

तेजस्विनी पुण्याहून आली. येताना एक खोकं घेऊन आली. आत तळहाताएवढं ड्रोन, एक रिमोट, डोळ्यांना बांधायचा डबड्यासारखा गॉगल आणि सहा बॅटऱ्या. पोरीच्या कंपनीत असली यंत्रं जुळवतात. हे जुनं मॉडेल म्हणून तिला घरी नेऊ दिलं. म्हणाली, "पप्पा, रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसत्या आईच्या कामात चुका काढताय. त्यापेक्षा हे उडवा."

मी म्हटलं, हा पोरांचा खेळ आहे. त्यावर तिनं खरी बातमी सांगितली. यंदा आमच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती उरकल्या की त्याच घाटात, म्हणजे बैल पळतात त्या चढावर, ड्रोनची शर्यत ठेवलीय. यात्रा कमिटीतल्या धर्माजीची नात प्राची इंजिनिअरिंगला आहे, तिनं कमिटीच्या गळी उतरवलं. खालच्या निशाणापासून सुटायचं, चढाला लावलेल्या सहा कमानींतून वर जायचं, वरच्या खांबाला वळसा घालायचा आणि त्याच कमानींतून खाली यायचं. बैलांसारखंच एका वेळी एक, आणि वेळ बैलांच्याच इलेक्ट्रॉनिक घड्याळावर. गॉगल घातला की ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. आपण आत बसल्यासारखं.

म्हणजे ड्रायव्हिंगच की.

एकोणतीस वर्षं एसटीच्या नारायणगाव डेपोत ड्रायव्हर म्हणून काढली. माळशेज घाट पावसात उतरवला, धुक्यात चढवला. एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून भिंतीवर आहे. नाव नोंदवायचं ठरवलं.

द्रौपदा ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिनं विचारलं, "ह्याला बिरेक कुठंय?"

"ब्रेक नसतो आई. पुढं जाताना थांबायचं असलं तर मागं झुकवायचं."

"अस्सं," म्हणाली आणि जुडी आवळली. बायकांना यंत्रातलं कळत नाही, पण विचारतात, ते बरं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तेजस्विनी जाताना लॅपटॉप ठेवून गेली. त्याला रिमोट जोडला की पडद्यावर खोटं ड्रोन उडतं. खरं मोडायच्या आधी खोटं मोडून घ्या, म्हणाली. आज एकशे चार वेळा मोडलं.

मग गॉगल घालून बसलो. चौथ्या मिनिटाला उलटी करायला मोरीकडं पळालो. एकोणतीस वर्षं मागच्या सीटवरच्यांना खिडकीतून वाकताना पाहिलं, त्यांना नाजूक म्हटलं. त्या सगळ्यांची आज मनातल्या मनात माफी मागितली.

दुसरी अडचण पायाची. वळण आलं की उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथं द्रौपदाचं सूप होतं. मोडलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

कमिटीकडं जाऊन नाव दिलं. धर्माजी अध्यक्ष. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. त्याच्या खिल्लारी बैलांनी आजवर नऊ वेळा घाट मारलाय आणि नऊच्या नऊ कथा तो भेटेल त्याला सांगतो. मला बघून म्हणाला, "का रं ड्रायव्हर, आभाळात स्टॉप नसत्यात. उतारू कुठं उतरवशील?"

"पहिला तुलाच उतरवतो," मी म्हटलं.

हसला आणि वहीत नाव लिहून घेतलं. चांगदेव रोकडे.

हे इथं लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही. आमच्या घरातलं नाव त्या वहीत पहिल्यांदा चढलं. आजोबा आणि वडील यात्रेत घाटाकडेला असायचे ते गावानं सांगितलेली कामं करायला. छप्पन्न साली धम्म घेतला तसं वडिलांनी ते काम सोडलं आणि घाटाकडं पाठ केली ती कायमची. मी लहानपणी लांब बांधावर बसून कर्णा ऐकायचो. एकेका जोडीची घाटात पळायची पाळी म्हणजे बारी, ती पुकारायचे: अमक्याची बारी, तमक्याची बारी. आमची बारी कधी झाली नाही. बैलच नव्हते तर बारी कुठली? आता बैल लागत नाहीत.

२ मार्च, रविवार

खरं ड्रोन पहिल्यांदा उडवलं. उडालं हे खरं. मग ते शेजारच्या भगवंताच्या उसात गेलं. ऊस दोन पुरुष उंच. बिबट्याच्या भीतीनं आत कोणी जाईना. मी बांधावर उभा राहून विचार करत होतो, तोवर द्रौपदानं माझ्या हातातला रिमोट घेऊन कुठलंसं बटण दाबलं. उसातनं पीं पीं ऐकू आलं. ती ताट वाजवत आत गेली आणि घेऊन आली.

"हे बटण तुला कुणी सांगितलं?"

"पोरगी सांगत व्हती की. तुमी तवा बिल्ल्याची गोष्ट सांगत व्हता."

१२ मार्च, बुधवार

प्रगती आहे. लॅपटॉपवर एक फेरी बावन्न सेकंदांत. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं लागायची. अनुभव वाया जात नाही.

बॅटऱ्यांची मात्र तक्रार आहे. काल सहाच्या सहा भरून ठेवल्या होत्या. आज दुपारी कृषी केंद्रातून आलो तर तीन रिकाम्या. फोनवर तेजस्विनीला झापलं. ती घसा खाकरून म्हणाली, "उन्हानं होत असेल पप्पा." इंजिनिअर पोरगी, पण बापापुढं मान्य करते की माल कच्चा आहे.

२० मार्च, गुरुवार

आश्चर्य. लॅपटॉप उघडला तर सर्वात चांगली फेरी एकेचाळीस सेकंदांची दाखवतोय. मला आठवतेय ती बावन्नचीच. बराच वेळ विचार केला. परवा जेवणानंतर पेंगत पेंगत उडवत होतो, तेव्हा झाली असणार. डोकं आड आलं नाही की हात बरोबर चालतात, हे घाटातही अनुभवलं होतं.

गॉगलचा पट्टा कुणी आवळला कळत नाही. डोक्याला रुतला. द्रौपदाच्या डोळ्यांभोवती लाल वळ दिसले. म्हणाली, कांदा चिरला. कांद्यानं वळ उठतात हे मला माहीत नव्हतं. यंदाचा कांदा कसला आलाय कोण जाणे.

२७ मार्च, गुरुवार

दाताच्या डॉक्टरकडं मंचरला गेलो होतो. दुपारचे चार वाजले यायला. वाटेतच शेजारच्या धोंडाबाईनं अडवलं. तिला सत्तरी उलटलीय, पण आवाज अजून डेपोतल्या भोंग्यासारखा. "ड्रायव्हर, मेल्या, तीनच्या टायमाला माझ्या डोक्यावरनं गेलं तुजं इमान! पाटीतली मिरची उडाली!"

मी तीन वाजता डॉक्टरच्या खुर्चीत तोंड वासून होतो. मागं गावोगाव ड्रोनवाले चोर येतात म्हणून बोंब उठली होती, तेव्हापासून म्हातारीला घार दिसली तरी ड्रोन वाटतं. "मिरचीचं बघू," म्हणून निघालो.

घरी द्रौपदा चूल सारवत होती. म्हटलं, धोंडाबाईला भास होतात. "वय झालं त्यांचं," म्हणाली. माझ्याकडं न बघता.

२९ मार्च, शनिवार

आजचा दिवस विचित्र. लिहू का नको असं झालंय, पण इथं खोटं लिहायचं तर वही कशाला?

धर्माजीनं सकाळीच बोलावलं. कमिटीची पाच माणसं ओट्यावर बसलेली, तोंडं आंबट. गुरुवारी दुपारी ड्रोन त्याच्या गोठ्यावरून गेलं, त्याचा बैल बुजला आणि दावं तोडून थेट कोबीत. "शर्यतीच्या बैलाला पंखा दाखवतोस?" धर्माजी म्हणाला. "नाव खोडीन."

मी शपथेवर सांगणार होतो की मी मंचरला होतो. डॉक्टरची चिठ्ठी खिशात होती. तेवढ्यात प्राचीनं मोबाईल पुढं केला. तिनं बैलाचं शूटिंग करताना ड्रोनही टिपलं होतं. मी बघितलं आणि बघतच राहिलो. दोन आंब्यांच्या मधून आडवं होऊन निघालं, विहिरीच्या रहाटाला गिरकी घातली, बैल दिसताच जागेवर उलटलं आणि सरळ वर गेलं. कमिटीतला गोकुळ म्हणाला, "पर काय वळाण मारलंय राव! आपल्या गावात असा गडी हाय, म्हाईत नव्हतं."

पाचही जण माझ्याकडं बघत होते. रागानं, पण दुसरंही काहीतरी त्या नजरेत होतं. एकोणतीस वर्षांत तसं कुणी बघितलं नव्हतं. डेपो मॅनेजरनं सुद्धा नाही.

मी म्हटलं, "चुकलं. सरावाच्या नादात लक्षात आलं नाही."

माफी मागितली, कोबी लावून देतो म्हटलं. नाव राहिलं. सगळ्यांनी चहा पाजला.

आता प्रश्न असा की उडवलं कोणी. ड्रोन घरात, कुलूप नाही. मला वाटतं तेजस्विनी पुण्यात बसून इंटरनेटवरून उडवत असावी. हल्ली सगळं होतं.

३ एप्रिल, गुरुवार

जुन्नरला मित्राच्या घरी जायचं होतं. वाटेत गाडी पंक्चर झाली, म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो.

घरामागं कोथिंबिरीच्या वाफ्याच्या कडेला द्रौपदा पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. डोळ्याला गॉगल. पदर कमरेला. हातात रिमोट. दोन्ही अंगठे तेवढे हलत होते, बाकी बाई पुतळा. ड्रोन शेवग्याच्या फांद्यांतून सुईत दोरा ओवल्यासारखं जात होतं.

तिला मी दिसत नव्हतो. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही. चप्पल वाजली असणार.

"आलात?" ती म्हणाली. गॉगल काढला नाही. "थांबा जरा. बॅटरी दोन मिन्टं हाय अजून, संपवते."

आणि संपवली.

मग तिनं चहा ठेवला. मी कप काढले. तीच म्हणाली, "जुड्या बांधून बांधून बोटांना सवय. तुमी रिमोट मूठ आवळून धरता, स्टेरिंग धरल्यावानी. ह्ये चिमटीत धरायचं."

"तेजस्विनीला माहीत आहे?"

"तिनंच शिकीवलं. फोनवर."

बॅटऱ्या, पट्टा, कांदा, सगळं एकदम डोक्यात बसलं. एकेचाळीस सेकंदही. त्याचं जास्त लागलं.

५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस बोललो नाही. तिला ते कळलंच नाही बहुतेक, ती कामात होती.

मग म्हटलं, न्याय होऊ दे. शेवग्यापासून विहिरीपर्यंत तीन फेऱ्या लावल्या. पहिलीत ती अकरा सेकंदांनी पुढं. वारा माझ्या विरुद्ध होता. दुसरीत नऊ सेकंदांनी. तेव्हाही वारा विरुद्ध होता. तिसरीत मी भिंतीवर.

"वारं दोघांनाबी सारकंच व्हतं," धोंडाबाई कुंपणावरून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

एक जुनी गोष्ट आठवली. तेजस्विनी तीन वर्षांची असेल, तेव्हा द्रौपदानं स्कूटर शिकवा म्हणून धरणं धरलं होतं. मी म्हणालो होतो, एका घरात एक ड्रायव्हर पुरे. सगळे हसले होते. ती पण हसली होती, असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. आता खात्री देता येत नाही.

शर्यतीत तिलाच उतरू द्यायचं ठरवलं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "बगा बुवा, मला काय." पण आज भाकरी टम्म फुगल्या.

८ एप्रिल, मंगळवार

धर्माजीला बाजूला घेऊन सांगितलं की उडवणार द्रौपदा. तो म्हणाला, "बाईमाणूस घाटात? हितं आजवर बाया उतरल्या न्हाईत. म्हातारी माणसं ऐकायची न्हाईत." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असं कर. नाव तुजंच ऱ्हाऊ दे. ती कडंला बसून उडवू दे. कर्ण्यावर चांगदेव रोकडे म्हणू. कुणाला काय कळतंय?"

मला पटलं. खरंच पटलं. उडवायला तिला मिळणार, नाव घराचंच लागणार. कर्ण्यातून चांगदेव रोकडे. रस्त्यानं येताना दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं.

द्रौपदाला एवढंच सांगितलं की कमिटीचं मिटलं. बाकीचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे ठेवलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दिवसभर मिरवणूक, सराव नाही. द्रौपदा निळ्या काठाची पांढरी साडी नेसून बायकांच्या पुढं. विहाराजवळ बचत गटातल्या बायांनी तिला घेरलं होतं. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, अंगठे हलवत. मला बघितल्यावर सगळ्या फिसकन हसल्या.

१६ एप्रिल, बुधवार

मी नसताना प्राचीचा फोन आला. यादी छापायची होती, म्हणून नावाची खात्री करत होती. द्रौपदानं घेतला.

मी आलो तेव्हा ड्रोन, गॉगल, रिमोट, बॅटऱ्या सगळं खोक्यात भरून खोकं माझ्या खुर्चीवर ठेवलेलं. ती कोथिंबीर काढायला चालली होती.

"हे काय?"

"नाव तुमचं, तर हातबी तुमचेच लावा."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, अगं घराचंच नाव आहे, तुझं काय आणि माझं काय.

"तसं असंल तर माजं लावा," म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

मी खोकं उघडून बसलो. परत बंद केलं.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी धर्माजीकडं गेलो. कमिटी तीच, ओटा तोच. प्राची खांबाला टेकून लॅपटॉपवर यादी करत होती. मी उभ्यानंच म्हटलं, यादीत द्रौपदाचं नाव घाला.

धर्माजी म्हणाला, "अरं, आपलं ठरलंय ना? आता मला सांग, घाटात पळतो कोण?"

"बैल."

"आन् कर्ण्यावर नाव कुणाचं?"

"तुझं."

"मग? तसंच की ह्ये."

"द्रौपदा बैल न्हाई, धर्माजी."

गोकुळनं तपकिरीची डबी काढली आणि परत खिशात घातली. प्राची मान वर न करता म्हणाली, "आजोबा, नियम मीच टाईप केलेत. बाई नको असं कुठं लिहिलेलं नाही. लिहायचं असेल तर सांगा, पण मग घड्याळाला दुसरं माणूस बघा."

धर्माजीनं बराच वेळ गाल चोळला. मग त्याच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. "घालतो. पर एक खरं सांग. त्या व्हिडिओतली वळणं तुजी व्हती?"

पाचही जण पुढं वाकले. इथं मला थोडं गप्प राहता आलं असतं.

"न्हाई," मी म्हटलं. "तिची."

"मला तवाच वाटलं!" त्यानं मांडीवर थाप मारली. "तू एस्टी वळवायचास तर निम्मं नारायणगाव थांबायचं! आन् ह्यो गिरकी मारतो म्हणं!"

पाऊण तास हसले. प्रत्येकानं माझी एकेक आठवण काढली. एकही चांगली नव्हती. पण उठताना यादी बघितली. अकरा नंबर, द्रौपदा चांगदेव रोकडे.

घरी येऊन तिला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. "कबूल केलं त्यांच्यापुढं?"

"केलं."

"लई हसले?"

"लई."

तिनं खुर्चीवरचं खोकं उचललं आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

२० एप्रिल, रविवार

बारी झाली. जमेल तेवढं सगळं लिहितो.

सतरा नावं. बहुतेक कॉलेजची पोरं, मंचरची, जुन्नरची, एक तर थेट आणे पठारावरून आलेला. तो म्हणाला, आमच्याकडच्या वाऱ्यात जे उडतं ते कुठंही उडतं. त्याचं दुसऱ्याच कमानीला धडकलं. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस. खालच्या बाजूला प्राचीनं मोठा पडदा लावलेला. ड्रोनला जे दिसेल ते लोकांनाही दिसावं म्हणून. बचत गटाच्या बायका पहिल्यांदाच घाटात आल्या होत्या आणि एकदा आल्या म्हटल्यावर पुढच्या रांगेत बसल्या होत्या. धोंडाबाई मधोमध. तेजस्विनी आईजवळ उभी.

मी कडेला, खालून दुसऱ्या कमानीपाशी दोराला धरून उभा राहिलो. म्हणजे जाताना दुसरी, येताना शेवटून दुसरी. तिथून सगळं नीट दिसतं.

द्रौपदा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. पदर खोचला, गॉगल लावला. कर्णेवाल्याला इतक्या वर्षांची बैलगाड्यांची सवय. तो ओरडला, "अकरा नंबर! गाडामालक..." आणि कागद बघून अडला. मग डबल जोरात, "गाडामालक द्रौपदा चांगदेव रोकडे! सोडा!"

ते नाव कर्ण्यातून निघालं, समोरच्या टेकडीला आपटलं आणि परत आलं. सासू वारली तेव्हाही मी रडलो नाही. धूळ मात्र घाटात फार असते.

ड्रोन सुटलं. पहिली कमान, दुसरी माझ्या कानाजवळून भुर्रकन, मग तिसरी. मी पापणी लववली नाही. वरच्या खांबाला तिनं इतका चिकटून वळसा घातला की धर्माजी कडेवरून ओरडला, "आरं, जपून वयनी!" तिथून ते खाली फिरलं.

पुढचं ऊन डोळ्यावर आल्यामुळं तितकंसं दिसलं नाही. आवाज जवळ येत होता. मग एकाएकी सगळा घाट हसला. हजारभर माणूस एकदम. वाटलं, पडलं. पण नाही, शिट्टी वाजली, ते निशाण पार करून गेलं होतं.

अडतीस सेकंद एकाहत्तर. पहिला आलेला मंचरचा शौर्य नावाचा मुलगा, अडतीस एकोणतीस. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत. सतरांत दुसरी. ढाल द्यायला धर्माजी स्वतः आला. ती घेताना द्रौपदा काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तो मान खाली घालून हसत होता.

पेढे वाटले. भेटेल त्याला सांगितलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजर हलवली नाही. लोक फार प्रेमानं ऐकत होते, जरा जास्तच.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी दादाभाऊच्या हॉटेलात चहाला गेलो. मला बघताच त्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकले. म्हटलं, डोळे आले असतील. बाकड्यावर भगवंत बसला होता. त्यानंही झाकले. बाहेर पडलो तर धोंडाबाई रस्त्यात. हातातली काठी बगलेत धरून म्हातारीनं डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघून खिदळली.

घरी आलो तर प्राचीनं क्लिप पाठवलेली. कालच्या बारीची, ड्रोनच्या नाकावरून. मी बाजेवर बसून लावली. कमानी येतात आणि जातात. खांब गरकन फिरतो. घाट उलटा खाली धावत येतो, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. आणि शेवटून दुसऱ्या कमानीपाशी, दोराला पोट टेकून, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस दोन्ही तळव्यांनी डोळे गच्च झाकून उभा. आख्ख्या घाटात तेवढा एकच माणूस बघत नव्हता.

त्याच्यासमोर चित्र जरासं डगमगतं. मग परत सरळ होऊन पुढं जातं.

क्लिप पुन्हा लावली. डगमगलं ते तिथंच. तेवढ्यात द्रौपदा पाणी घेऊन आली आणि खांद्यावरून वाकून बघू लागली.

"हे कशानं हललं?" मी विचारलं, माहीत असून.

"एवढा मोठा माणूस, एकोणतीस वर्सं माळशेज उतरलेला," ती म्हणाली, "आन् बायको उडवती म्हणून डोळं झाकून उभा. मला हसू फुटलं. आंगठा हलला."

"म्हणजे पहिला नंबर माझ्यामुळं गेला?"

"गेला खरा."

"मग काल सांगितलं का नाही?"

"तुमी पेढे वाटत व्हता. कुठं मधी बोलायचं?"

मी मोबाईल पालथा ठेवला. म्हटलं, पुढच्या वर्षी मी घाटाच्या पलीकडच्या अंगाला थांबेन. नाहीतर येतच नाही, घरी कर्णा ऐकू येतो.

तिनं रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला. "तितंच हुभं ऱ्हावा," म्हणाली. "फकस्त बघा."

बघतो म्हणालो.